दुधाचे दात

माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे, म्हणजे देवाच्या डोंगरापर्यंतची पायी वारी, करायचे होते, म्हणून मी शनिवारी दुपारीच कोल्हापुरात उतरले. अंबाबाईचं दर्शन झालं आणि पाय आपोआप रंकाळ्याकडे वळले. कोल्हापुरात आलेल्या माणसाची संध्याकाळ तिथेच जाते. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य उतरत होता. भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरायचा आवाज चालू होता आणि चौपाटीवर घोडे फेऱ्या मारत होते.

तीन घोडे होते. एक पांढरी घोडी, खोगिरावर जरीची झूल. एक काळसर तट्टू. तिसरा तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. लहान मुलांची झुंबड या तिसऱ्याकडेच होती, कारण तो बुटका आणि देखणा होता. एका वडिलांनी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवलं, मग धाकटीलाही उचलून भावाच्या मागे ठेवलं आणि फोटोसाठी चार पावलं मागे सरकले. मी जवळ गेले. त्याची पाठ माझ्या छातीपर्यंत येत होती. पाय लांब आणि काटकुळे, छाती अरुंद, दोन पुढच्या पायांत जेमतेम एक वीत अंतर. शेपटीचे केस अजून आखूड आणि लोकरीसारखे कुरळे. घोडा मोठा झाला की शेपूट सरळ आणि जड होते, एवढं मला ठाऊक होतं.

कट्ट्यावर एक म्हातारे मामा बसले होते. तरुणपणी शहरात तांगा हाकलेला माणूस, हे त्यांनीच पुढे सांगितलं. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी ओळखलं असावं.

"ताई, त्येचं तोंड बघितलंसा का?"

मुलं उतरल्यावर ते उठले आणि लगाम धरलेल्या पोराला म्हणाले, "दाखव रं जरा." पोरानं ओठ वर केला. खालच्या जबड्यात पुढे सहा दात होते. सहाही लहान, पांढरेशुभ्र, शिंपल्यासारखे, हिरडीजवळ निमुळते झालेले. मामांनी मधल्या दातावर अंगठा ठेवला. "हे दुधाचं. सगळं दुधाचं. अजून एकबी पडलेला न्हाई." मग मला समजावं म्हणून त्यांनी काळ्या तट्टाचा ओठ उचलला. तिथले दात रुंद, चौकोनी, पिवळसर होते, जुन्या खुंट्यांसारखे. दोन्ही तोंडं शेजारी शेजारी बघितल्यावर शिकवायला काही उरलंच नाही.

घोड्याचं वय दातांत लिहिलेलं असतं. शिंगरू जन्मल्यावर आठवडाभरात पुढचे मधले दुधाचे दात येतात, महिना-दीड महिन्यात त्यांच्या शेजारचे, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान कोपऱ्यातले. मग मोठा खंड पडतो. साधारण अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला दुसरी जोडी, साडेचारला कोपऱ्याची. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं, म्हणजे घोडा 'जुळतो'. म्हणजे रंकाळ्यावरचा तो तांबडा अडीच वर्षांच्या आतला होता, आणि शेपटीवरून पाहिलं तर त्याहूनही बराच लहान.

ही विद्या कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला नवी नाही. बैलगाडी शर्यतींचे फलक रस्त्याच्या कडेला लागतात, त्यांवर गट लिहिलेले असतात: आदत, दुसा, चौसा. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो. दुसा म्हणजे दोन पक्के दात आलेला, चौसा म्हणजे चार. शेंबडं पोरसुद्धा हे शब्द बोलतं. बाजारात तोंड न उघडता कुणी जनावराला हात लावत नाही. म्हणून 'घोडा एवढा लहान आहे हे कळलंच नाही' हे या मुलुखात कुणालाही म्हणता येणार नाही. वय माहीत असतं. माहीत असूनच खोगीर चढतं.

मी त्या पोराला विचारलं, हा किती वर्षांचा? "चार वर्साचा हाय मॅडम." मामा काही बोलले नाहीत. पोर सोळा-सतरा वर्षांचं असेल. त्याचा मालक वेगळा होता, दिवसाला ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्यावी लागत होती. त्याच्यावर रागावून मला काही मिळणार नव्हतं.

परत फिरताना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती रात्रभर डोक्यातून गेली नाही. पांढऱ्या घोडीचं शिंगरू कठड्याला बांधलेलं होतं. चार-पाच महिन्यांचं असेल. घोडी फेरीला निघाली की ते दोरी ताणून खिंकाळायचं. चौपाटीच्या त्या टोकाहून घोडी मान वळवायची, तिच्या तोंडातलं लोखंड ओढलं जायचं, आणि पाठीवरचं मूल खूश होऊन हसायचं. फेरी संपून ती परत आली की शिंगरू तिच्या पोटाखाली शिरायचं. दोन घोट प्यायचं. तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक.

रविवारी पहाटे पंचगंगेवर पाय धुऊन मी चालायला लागले. शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख असा हा वाटेचा क्रम. अनवाणी माणसांच्या रांगा, गुलालानं लाल झालेली वाट, 'चांगभलं'चा गजर. जोतिबाचं वाहन घोडा. चैत्राच्या यात्रेत पालखीच्या लवाजम्यात घोडा दिमाखात चालतो, त्याच्या पायांना लोक हात लावून तो हात कपाळाला लावतात. शेजारून चालणाऱ्या एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्या घरी कुणी घोड्याला पायानं ढोसत नाही, देवाचा असतो म्हणून. कोल्हापूरचा घोड्याशी असा जुना जिव्हाळा आहे. कावळा नाक्यावर शहरात शिरतानाच ताराराणींचा पुतळा भेटतो. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी तो घडवला, घोडा मागच्या पायांवर उभा, पुढचे पाय हवेत. राजर्षी शाहू महाराजांना स्वतः खडखडा हाकायचा शौक होता. पागा, शिलेदार, बारगीर, मोतद्दार, नालबंद हे शब्द इथल्या आडनावांत आणि गल्ल्यांत मुरलेले आहेत. पागेची शिस्त ज्या मुलुखानं पाहिली, त्याला शिंगराच्या पाठीवर ओझं टाकू नये हे बाहेरच्या कुणी सांगायला नको.

जोतिबाहून मी जीप पकडून पन्हाळ्याला गेले. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना बघून सज्जा कोठीकडे गेले तर तिथेही घोडे. इथली वाट चढाची, पायाखाली जांभा आणि डांबर. एका लहानखुऱ्या घोडीवर चांगले धिप्पाड गृहस्थ बसले होते. बायको हसत होती, गृहस्थही. घोडी चढावर थांबली तेव्हा मोतद्दारानं लगामाच्या दोरीनं तिच्या मानेवर फटका दिला. मी तिच्या पुढच्या पायांकडे बघत होते. डाव्या पायाच्या नळीवर, गुडघ्याच्या थोडं खाली आतल्या बाजूला सुपारीएवढी कडक गाठ होती. जनावरांच्या डॉक्टरांकडे अशी गाठ घेऊन येणारे घोडे बहुतेक कोवळ्या वयात कामाला लागलेले असतात. मुख्य नळीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं असतात. लहान वयात ती नळीला पक्की जुळलेली नसतात. कठीण रस्त्यावर दणके बसले की जोडाशी सूज येते आणि तिथे हाड वाढतं.

इथे थोडं हाडांबद्दल सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. शिंगरू उंचीनं फार झपाट्यानं वाढतं. वर्षभराचं झालं की मोठेपणीच्या उंचीच्या सुमारे ९० टक्के उंची त्यानं गाठलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, झाला घोडा. पण लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, कूर्चेच्या, मऊ. त्या खालून वर बंद होत जातात. खुराजवळच्या आधी, नळीच्या पहिल्या वर्षात, गुडघ्याच्या वरची साधारण दोन-अडीच वर्षांनी, खांद्या-मांडीच्या त्याहून पुढे. आणि सगळ्यात शेवटी पाठीच्या मणक्यांच्या, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास. आपण ज्यावर बसतो, तीच जागा सर्वांत उशिरा पक्की होते.

याचा अर्थ शिंगराला दावणीला बांधून बसवावं असा मुळीच नाही. उलट, कुरणात मोकळं धावलं, उड्या मारल्या, वळणं घेतली की हाडं आणि स्नायुबंध बळकट होतात. वाईट असतं ते ओझं, तीच तीच फेरी, आणि कठीण रस्ता. घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार वाहू नये, असा अनुभवी स्वारांचा ठोकताळा आहे, त्यात खोगीरही आलं. सव्वादोनशे किलोच्या तट्टासाठी हे झाले ४५ किलो. पन्हाळ्यावरचे ते गृहस्थ त्याच्या दुपटीच्या जवळपास असतील. आणि हा हिशेब पूर्ण वाढलेल्या घोड्याचा आहे.

तोंडाचंही तसंच. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात पडत असतात, खालून पक्के वर ढकलत असतात, हिरडी हुळहुळलेली असते. नेमक्या त्याच वयात तोंडात लोखंड जातं. घोडा मान झटकतो, तोंड उघडं टाकतो, लाळ गाळतो, मग 'वढाळ हाय' म्हणून लगाम आणखी आवळतात, कुणी त्यावर काटेरी कडियाळ घालतो. आपलं मूल दात येताना किती चिडचिडं होतं, ते ज्या आयांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सोमवारी मामांनीच निरोप धाडला, की करवीर तालुक्यातल्या एका गावात उरूस आहे आणि तिथे घोडागाडीची शर्यत आहे. मी गेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शर्यत डांबरी रस्त्यावर होती. हलक्या दोनचाकी गाड्या, एकेक घोडा, दोन्ही बाजूंनी मोटरसायकलींची फौज, हॉर्न आणि आरडाओरडा. मामा मला सुटायच्या जागी घेऊन गेले आणि एकेका घोड्याकडे बघून पुटपुटत राहिले: "ह्यो जुळलाय. ह्यो चौसा. ह्यो... ह्यो कशाला आणलाय?" तो तिसरा अंगानं भरलेला होता, पण तोंडात अजून दोनच पक्के दात. शर्यत सुटल्यावर दीड-दोन मिनिटांत सगळं नजरेआड झालं. परत आला तेव्हा त्याच्या नाकपुड्या लाल झाल्या होत्या, मागच्या उजव्या पायाचा नाल निघून गेला होता आणि तो पाय तो टेकवत नव्हता. मालकानं बादलीभर पाणी त्याच्या पायावर ओतलं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातातही थरथर होती.

या शर्यतींबद्दल एक गैरसमज मला तिथे पुन्हा पुन्हा ऐकू आला, 'आता कोर्टानं परवानगी दिलीया.' सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती थांबवल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती उचलून धरली, हे खरं. पण ती दुरुस्ती बैलगाडीच्या शर्यतीसाठी आहे. घोड्याला, आणि घोडा-बैल एकत्र जुंपलेल्या गाडीला, तिची ढाल मिळत नाही.

मग कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं ११ वं कलम सांगतं की वयामुळे, आजारामुळे, जखमेमुळे कामाला लायक नसलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. 'वयामुळे' हा शब्द त्यात आहे. पण किती वय, हा आकडा नाही. आणि त्याच कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड १० ते ५० रुपये. रंकाळ्यावरच्या एका फेरीचे पैसे त्याहून जास्त होतात. १९६५ च्या नियमांत मात्र आकडे आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त माल लादायचा नाही. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायचा नाही. हे नियम साठ वर्षांचे आहेत आणि पर्यटनस्थळावरच्या एकाही फलकावर ते मला दिसले नाहीत.

ब्रिटनमध्ये १९६४ चा घोडेस्वारीच्या तबेल्यांचा कायदा होता, त्याला १९७० मध्ये जोड दिली गेली. तीन वर्षांचा किंवा त्याहून लहान घोडा भाड्यानं द्यायचा नाही, गाभण घोडी दिवस भरत आल्यावर द्यायची नाही, व्यायल्यावर तीन महिन्यांच्या आत द्यायची नाही. किती साधी वाक्यं. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. शर्यतीचा घोडा मात्र जगभर दोन वर्षांचा असतानाच धावायला लागतो, आपल्याकडेही, आणि त्यावर पशुवैद्यांमध्ये अजून वाद चालू आहे. पण त्या घोड्यांना निदान रोज डॉक्टर, पौष्टिक चंदी आणि मऊ धावपट्टी असते. चौपाटीवरच्या शिंगराला यातलं काही नाही.

मुंबईत उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. कोल्हापुरात अशी सरसकट बंदी यावी असं मला वाटत नाही. ज्या घरात पिढ्यानपिढ्या घोडा आहे, त्या घरातून घोडा गेला की त्या घोड्याचं काय होतं, ते बाजारात दिसतं.

शिंगरं येतात कुठून, याचं उत्तरही बाजारातच आहे. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडे येतात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, आणि त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाला. तिथे लाखांच्या घोड्यांची चर्चा वर्तमानपत्रांत येते. ज्यांची येत नाही ती शिंगरं दावणीच्या टोकाला बांधलेली असतात. अकलूजच्या बाजारात मी एकदा असं एक पाहिलं होतं. आईजवळून त्याच दिवशी तोडलेलं, मानेत नवा दोर, अंगावर माश्या, समोरचा कडबा हुंगून बाजूला सारणारं. घोडीचं दूध शिंगराला निदान चार ते सहा महिने हवं, आणि तोडायचं तर हळूहळू, सोबतीला दुसरं जनावर ठेवून. एका दिवसात आई, जागा आणि खाणं तिन्ही बदललं की पोट बिघडतं, खाणं सुटतं. त्यात शेकडो जनावरांच्या गर्दीत गळ्याच्या गाठींचा संसर्ग कोवळ्यांनाच आधी धरतो. २०१७ साली केंद्रानं जनावरांच्या बाजारांसाठी नियम काढले, त्यांत अगदी लहान पिलं बाजारात आणायला मनाई होती. त्या नियमांना त्याच वर्षी न्यायालयात स्थगिती मिळाली.

शिंगरू विकत घेणारा का घेतो? कारण मोठा, शिकवलेला घोडा त्याला परवडत नाही. शिंगरू स्वस्तात मिळतं. पण चार वर्षं नुसतं खायला घालणंही परवडत नाही. हरभऱ्याचा, कडब्याचा भाव त्याला माहीत असतो. म्हणून दीड-दोन वर्षांतच खोगीर चढतं, आणि सात-आठ वर्षांचा, म्हणजे ऐन उमेदीचा व्हायच्या वयात तोच घोडा पाठीनं आणि पायांनी मोडून पुन्हा बाजारात येतो, या वेळी आणखी स्वस्तात. मामांनी हा हिशेब एका वाक्यात सांगितला. "चार वर्सं थांबला आस्ता तर त्येनं पंधरा वर्सं वडलं आस्तं." त्यांची स्वतःची घोडी वीस वर्षांची होऊन मेली. पाच पुरी झाल्यावरच तिला तांग्याला जुंपली होती, तोवर ती नुसती थोरल्या घोड्याशेजारी मोकळी चालायची.

करायला कठीण असं काही नाही. महापालिका आणि पन्हाळ्याची नगरपरिषद यांनी फेरीच्या घोड्याला परवाना देताना सरकारी पशुवैद्याचा दाताचा दाखला मागावा, आणि चौथं वर्ष उलटल्याशिवाय कुणाला पाठीवर बसवू देऊ नये. सांगली-सोलापूरकडे कष्टाच्या बैल-घोड्या-गाढवांसाठी 'अ‍ॅनिमल राहत' वर्षानुवर्षं काम करते आहे. अशा संस्थांच्या डॉक्टरांना चौपाटीवर आठवड्यातून एक संध्याकाळ जागा द्यावी. यात्रा समित्यांनी बैलांच्या गटांसाठी दात बघायला माणूस बसवलेलाच असतो. घोडा दिसला तर त्यालाही त्याच माणसानं मागं धाडावं.

आणि जे रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर, महाबळेश्वरला किंवा कुठेही मुलांना घेऊन जातील, त्यांना एवढीच विनंती. मुलाला उचलून पाठीवर ठेवण्याआधी घोडेवाल्याला सांगा, दात दाखव. सहाही दात लहान, पांढरे, शिंपल्यासारखे दिसले, तर फेरीचे पैसे हवे तर द्या, पण मुलाला खाली ठेवा.